दोन टोल्यांचा हिशेब



स्मृतिव्याख्यान बहुधा एखाद्या ठेवीवर उभे असते. गेलेल्या माणसाच्या नावाने कोणीतरी रक्कम ठेवतो आणि तिच्या व्याजात सभागृहाचे भाडे, निमंत्रणपत्रिका आणि वक्त्याला द्यायचा नारळ भागतो. ठेव ठेवणारा दरवर्षी पुढच्या रांगेत बसून खर्चावर नजर ठेवतो असे नाही. ते काम त्याने विश्वस्तांवर सोपवलेले असते, आणि विश्वस्त ते पार पाडतात म्हणून आपण इथे जमतो. तेव्हा ख्रिस्ती माणसाने पैशाचा कारभार कसा करावा आणि दान कसे द्यावे, हा आजचा विषय मला लांबून आणावा लागलेला नाही.

मराठी पवित्र शास्त्राच्या भाषांतरकारांनी ‘ओइकोनोमोस’ या ग्रीक शब्दासाठी ‘कारभारी’ हा शब्द घेतला. माझ्या मते इतका नेमका शब्द त्यांना दुसरा मिळाला नसता. मूळ शब्दाचा अर्थ घर चालवणारा चाकर. पुष्कळदा तो गुलामच असे. धन्याच्या किल्ल्या, कोठार आणि वही त्याच्या ताब्यात असत. मराठी कानाला मात्र या शब्दात आणखी बरेच काही ऐकू येते. गावाकडे बायको नवऱ्याला कारभारी म्हणते तेव्हा त्यात कौतुक असते आणि जबाबदारीची आठवणही असते. ज्याने थोडाफार इतिहास वाचला आहे त्याला सातारा आणि पुणे आठवते. पेशव्यांच्या शिक्क्यावर छत्रपतींचे नाव असे. पण १७४९ मध्ये शाहू महाराज गेल्यावर धनी साताऱ्याला आणि सत्ता पुण्याला अशी वाटणी होऊन बसली. कारभारी हळूहळू मालक कसा होतो हे मराठी माणसाला समजावून सांगायला परदेशी उदाहरणे लागत नाहीत. त्यासाठी कोणी दुष्ट असावा लागतो असेही नाही. किल्ल्या पुष्कळ वर्षे कमरेला राहिल्या की पुरते.

आपल्या मंडळ्यांतून कारभारीपणावर जो उपदेश होतो तो बहुतेक वेळा देणाऱ्याला उद्देशून असतो. दशांश दिला का, पगार वाढला तसे अर्पण वाढले का, कापणीच्या सणाला काय आणले. प्रश्न योग्यच आहेत. पण शास्त्रात कारभाऱ्याचा उल्लेख जिथे येतो तिथे झाडाझडती होते ती ज्याच्या हातात दुसऱ्याचा पैसा आहे त्याची. लूकच्या सोळाव्या अध्यायात धनी कारभाऱ्याला बोलावून हिशेब मागतो. कुळांना बोलावून खंड का थकला असे तो विचारत नाही. करिंथकरांस पहिल्या पत्रात पौल कारभाऱ्याने विश्वासू असावे असे म्हणतो, तेव्हा तो स्वतःविषयी आणि अपुल्लोविषयी, म्हणजे मंडळीच्या सेवकांविषयी बोलत असतो. बाकांवर बसलेल्यांना ते विशेषण नंतर लागते. दाताही आपल्या मिळकतीचा मालक नव्हे, हे मला मान्य आहे. पण त्याचा हिशेब त्याच्यात आणि देवात होतो. मंडळीच्या खजिनदाराला मात्र तो दोन ठिकाणी द्यावा लागतो. माझे आजचे म्हणणे असे की ख्रिस्ती दानाची परंपरा जिथे तगली तिथे ती घेणाऱ्याच्या चोखपणावर तगली, आणि जिथे तो चोखपणा सुटला तिथे दशांशावरच्या कितीही उपदेशांनी ती सावरली नाही.

दशांशाचा उपदेश बहुधा मलाखीच्या तिसऱ्या अध्यायावर चालतो: दशांश रोखणे म्हणजे देवाला ठकवणे, तो कोठारात आणा आणि आशीर्वाद पाहा. मलाखीचे पुस्तक अवघे चार अध्यायांचे आहे, तरी तिसऱ्याच्या आधी दोन आहेत याचा विसर पडतो. त्या दोन अध्यायांत संदेष्ट्याचा कोरडा याजकांच्या पाठीवर ओढलेला आहे. आंधळी, लंगडी, रोगी जनावरे वेदीवर चालवून घेणारे ते. जे नजराणा म्हणून सुभेदारापुढे नेण्याची हिंमत होणार नाही ते देवापुढे चालवणारे. साधारण त्याच युगातली एक हकीकत नहेम्याच्या तेराव्या अध्यायात आहे. नहेम्या काही काळ बाहेर राहून यरुशलेमेत परततो, तर ज्या मोठ्या कोठीत धान्याचे, द्राक्षारसाचे आणि तेलाचे दशांश ठेवायचे तिच्यात तोबीयाचा संसार मांडलेला. एल्याशीब याजकाने आपल्या सोयऱ्याची सोय केली होती. लगेच पुढे येते ते हे, की लेव्यांना त्यांचे वाटे मिळत नव्हते आणि ते मंदिर सोडून आपापल्या शेतावर निघून गेले होते. कोठी बळकावली गेली म्हणून लोकांनी देणे थांबवले, असे पुस्तक म्हणत नाही. दोन गोष्टी शेजारी ठेवते आणि गप्प राहते. नहेम्याने कामे ज्या क्रमाने केली तो क्रम मात्र बोलका आहे. आधी तोबीयाचे सामान बाहेर फेकले आणि कोठ्या शुद्ध करून घेतल्या. मग खडसावले ते अधिकाऱ्यांना. त्यानंतर सगळा यहूदा दशांश घेऊन आला. शेवटी भांडारावर एक याजक, एक लेखक, एक लेवी आणि त्यांच्या मदतीला आणखी एक, अशी माणसे नेमली, कारण ती विश्वासू समजली जात. मलाखीचे कोठार आपल्याला पाठ आहे. त्या कोठारात सध्या राहते कोण, हे नहेम्याने पाहिले.

त्याच्याही कित्येक शतके आधी योवाश राजाला हा अनुभव आला होता. मंदिराच्या डागडुजीसाठी येणारा पैसा त्याने याजकांच्या हाती ठेवला, आणि त्याच्या कारकिर्दीच्या तेविसाव्या वर्षापर्यंत एक भगदाड बुजले नाही. तेव्हा एका पेटीच्या झाकणाला भोक पाडून ती वेदीजवळ ठेवण्यात आली. पेटी भरली की राजाचा लेखक आणि मुख्य याजक दोघे मिळून पैसे मोजत आणि ते थेट सुतार, गवंडी, पाथरवटांच्या मुकादमांकडे जात. उपासनेनंतर दोन पंचांनी मिळून थैली मोजायची, हा जो शिरस्ता पुष्कळ मंडळ्यांत आहे तो कोणा संशयी माणसाने काढलेला नाही. तो राजांच्या दुसऱ्या पुस्तकाइतका जुना आहे.

आता त्या विधवेकडे येऊ. भांडारासमोर बसून येशू पाहत होता. श्रीमंत पुष्कळ टाकत होते, आणि एका दरिद्री विधवेने दोन टोल्या टाकल्या, म्हणजे एक दमडी. मंडळीला इमारत बांधायची असली, छपराचे पत्रे बदलायचे असले, की हमखास या बाईला हाक मारली जाते. बिचारीच्या दोन टोल्यांवर जगातल्या किती भिंती उभ्या राहिल्या याची गणती नाही. पण मार्काच्या बाराव्या अध्यायात तिच्या आधीचे वाक्य शास्त्र्यांविषयी आहे. लांब झगे घालून मिरवणारे, दीर्घ प्रार्थना करणारे आणि विधवांची घरे गिळणारे, असे त्यांचे वर्णन येशू करतो. ती येते ती लगेच पुढच्या ओळीत. तिच्यानंतर तेरावा अध्याय उघडतो तो मंदिराचा चिऱ्यावर चिरा उरणार नाही या भाकिताने. तिने आपली सगळी उपजीविका ज्या इमारतीच्या भांडारात टाकली त्या इमारतीचे भवितव्य हे. ॲडिसन राइट या अभ्यासकाने १९८२ मध्ये प्रश्न उपस्थित केला की येशूचे हे उद्गार कौतुकाचे आहेत की विलापाचे. मला वाटते, त्यांतून एकच निवडण्याची सक्ती नाही. बाईचे कौतुक आहे आणि भांडाराची निर्भर्त्सना आहे. अडचण अशी, की उपदेशकाच्या हाती भांडाराची किल्ली असल्यामुळे पहिला अर्धा भाग मोठ्याने वाचला जातो.

नव्या करारात पैशाची सर्वांत मोठी हकीकत ती मात्र नव्हे. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या पन्नाशीत पौलाने यरुशलेमेतल्या गरीब बांधवांसाठी मासेदोनिया, अखया आणि गलती प्रांतांतून जी वर्गणी गोळा केली, तिचा उल्लेख करिंथकरांच्या दोन्ही पत्रांत आणि रोमकरांच्या पत्रात येतो. आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीप्रमाणे काही बाजूला ठेवावे, म्हणजे मी आल्यावर धावाधाव नको, अशी सूचना आहे. पुढचे कलम अधिक महत्त्वाचे: रक्कम घेऊन कोण जाणार ते तुम्ही ठरवा, मी पत्रे देईन. स्वतः प्रेषित असलेला माणूस ‘माझ्यावर विश्वास ठेवा’ असे म्हणत नाही. दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात तर तो कारणही देतो. रक्कम मोठी आहे, कोणी बोट ठेवू नये, आणि व्यवहार देवाच्या दृष्टीने चोख असून भागत नाही, माणसांच्या दृष्टीनेही चोख असावा लागतो. ‘देव जाणतो’ असे म्हणून वही मिटणाऱ्या प्रत्येकाला पौलाने दिलेले हे उत्तर आहे. त्याच अध्यायात तो दानाचा हेतूही सांगतो आणि तिथे ‘समता’ हा शब्द वापरतो: आज तुमच्या भरीने त्यांची तूट निघावी, उद्या त्यांच्या भरीने तुमची. रानात मान्ना गोळा करताना ज्याने पुष्कळ गोळा केला त्याला जास्त झाले नाही, या जुन्या गोष्टीचा दाखला तो देतो. दशांशाचा उल्लेख या किंवा पुढच्या अध्यायात एकदाही नाही. सक्ती नको, कुरकुर नको, ज्याने त्याने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावे, एवढेच आहे.

या वर्गणीचा शेवट प्रेषितांच्या कृत्यांत शोधावा लागतो. विसाव्या अध्यायात पौलाबरोबर निघालेल्या सात जणांची नावे दिली आहेत, बहुतेकांची गाव किंवा प्रांतासह: बिरुया, थेस्सलनीका, दर्बे आणि आसिया. हे त्या त्या मंडळ्यांचे प्रतिनिधी असावेत असा अभ्यासकांचा तर्क आहे. यरुशलेमेत पौलाला अटक होते, कैसरियात त्याला दोन वर्षे कोठडीत काढावी लागतात. सुभेदार फेलिक्स त्याला वारंवार बोलावून घेतो आणि त्याचे कारणही लेखक लपवत नाही: पौल काही देईल अशी आशा. लाच दिली असती तर कदाचित सुटका झाली असती. ज्याच्या शब्दावर अनेक प्रांतांतले लोक पैसे देत होते त्याने या सुटकेसाठी वर्गणी काढलेली नाही.

दुसऱ्या शतकात जस्टिन शहीद लिहितो की उपासनेच्या शेवटी ज्यांना ऐपत आणि इच्छा आहे ते देतात आणि प्रमुखाकडे जमा झालेल्या रकमेतून अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परगावचे पाहुणे यांची तजवीज होते. त्याच शतकाच्या अखेरीस तर्तुल्यन आफ्रिकेतून जवळजवळ तीच यादी देतो, तीत गरिबांचे दफन आणि गलबत फुटून देशोधडीला लागलेले यांची भर घालतो आणि कोणावर सक्ती नाही हे बजावतो. दोघेही विरोधकांना उत्तर देताना लिहीत आहेत, आणि उत्तर म्हणून ते खर्चाची बाजू पुढे करतात. ‘दिदाखे’ या त्याहून जुन्या पुस्तिकेत तर एक रोकडी कसोटी आहे: आत्म्याच्या प्रेरणेने बोलतो म्हणवणारा संदेष्टा स्वतःसाठी पैसे मागू लागला की तो खोटा समजावा. ही कसोटी आज लावली तर दूरचित्रवाणीवरच्या काही वाहिन्यांचा बराचसा वेळ मोकळा होईल.

घेणाऱ्याने खरे न सांगितल्याचे परिणाम किती दूर जातात याचे सर्वांत मोठे उदाहरण १५१७ चे आहे. जर्मनीत तेत्सल हा धर्मगुरू पापदंडाच्या माफीची पत्रे विकत फिरत होता. रोममधल्या संत पेत्राच्या मंदिराच्या बांधकामासाठी हा पैसा आहे असे लोकांना सांगितले जाई. प्रत्यक्षात निम्मा पैसा फुगर या सावकारी पेढीकडे जात होता, कारण माइन्झचे आर्चबिशपपद मिळवण्यासाठी आल्ब्रेख्तने त्या पेढीकडून भले मोठे कर्ज काढले होते. पेढीचा माणूस पेटी उघडताना हजर असे. ल्यूथरला हा व्यवहार त्या वेळी माहीत नव्हता. तरी त्याच्या पंचाण्णव मुद्द्यांत गरिबाला दिलेले हे असल्या खरेदीहून श्रेष्ठ आहे हा मुद्दा आहे, आणि इतका श्रीमंत पोप स्वतःच्या पैशाने मंदिर का बांधत नाही हा लोकांच्या तोंडचा प्रश्नही आहे. धर्मसुधारणेची कारणे अनेक होती, ती एका हिशेबात बसवणे भाबडेपणाचे ठरेल. पण ठिणगी पडली ती दानपेटीजवळ.

याच्या उलट टोकाला जॉर्ज म्यूलर. प्रशियात १८०५ मध्ये जन्मलेल्या या माणसाने १८३० मध्ये ठरलेला पगार नाकारला, कारण तो बाकांच्या भाड्यातून येई आणि भाडे देणाऱ्या श्रीमंताला पुढचे बाक मिळे. १८३६ पासून त्याने ब्रिस्टॉलला अनाथगृहे चालवली. १८७० पर्यंत तिथे दोन हजारांवर मुलांची सोय झाली होती. त्याने कोणाकडे पैसा मागितला नाही, ही गोष्ट सगळे सांगतात. त्याने दरवर्षी आल्या-गेल्या पैचा अहवाल छापला, ही गोष्ट फार थोडे सांगतात. १८४१ च्या अखेरीस तिजोरीत खडखडाट असताना त्याने वार्षिक सभा आणि अहवाल मुद्दाम पुढे ढकलला, कारण त्या वेळी आकडे वाचून दाखवणे म्हणजे आडून मागणे ठरले असते. पैसा न मागणे ही त्याची श्रद्धा, आणि हिशेब न चुकवणे हा तिचाच दुसरा हात.

म्यूलरचे चरित्र आपल्याकडे ज्यांनी मनावर घेतले त्यांत पंडिता रमाबाई होत्या; तसे त्यांनीच लिहून ठेवले आहे. रमाबाईंच्या कामाचा पैसा हा स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली, तिने दहा वर्षे मदत देण्याचे कबूल केले, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन ही शाळा उघडली. सल्लागार मंडळात रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसे होती. शाळा कोणत्याही धर्माचा आग्रह धरणार नाही, या शब्दावर वर्गणी गोळा झालेली होती. १८९३ मध्ये मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात यावरून पुण्यात वादळ उठले, ‘केसरी’ने झोड उठवली, रानडे-भांडारकरांनी अंग काढून घेतले. रमाबाईंचे म्हणणे, मी कोणाला बोलावले नाही आणि माझ्या खोलीचे दार कोणाला बंदही केले नाही. टीकाकारांचे म्हणणे, दिलेला शब्द मोडला. या वादात मी निवाडा देत नाही, पण त्यातला एक धागा महत्त्वाचा मानतो: दोन्ही बाजू ज्यावर भांडत होत्या तो प्रश्न, देणाऱ्याने कशासाठी दिले, हा होता. रमाबाईंनी पुढे केडगावला उघडपणे ख्रिस्ती असे मुक्ति सदन उभारले तेव्हा ते शारदा सदनाहून वेगळे काम म्हणून उभारले. केडगावची जमीन घेण्यामागेही हिशेबी विचार होता. दहा वर्षांची मुदत संपणार, तेव्हा फळबागेच्या उत्पन्नावर शाळेचा काही भार पेलावा. मग १८९६-९७ चा दुष्काळ आला, मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या गेल्या, १९०० मध्ये गुजरातच्या दुष्काळातून आणखी, आणि फळबागेची जागा वसतीने घेतली. श्रद्धेवर चालणारी बाई म्हणून त्यांना गौरवताना मुदतीआधी बागेची तजवीज करणारी बाई नजरेआड होऊ नये.

या सगळ्यावर आक्षेप घेतले जातात, आणि त्यांतले काही वजनदार आहेत. उजवा हात काय करतो हे डाव्या हाताला कळू देऊ नये असे डोंगरावरच्या प्रवचनात सांगितले आहे. मग जाहीर हिशेब हा त्या शिकवणीचा भंग नाही का? नाही, कारण ती गुप्तता देणाऱ्यासाठी आहे. घेणाऱ्याने खर्च गुप्त ठेवावा असे त्यात कुठेही नाही. आपल्याकडे नेमके उलटे झाले आहे. दात्यांची नावे रकमांसकट अहवालात छापतात, बाकांवर कोरतात, प्रवेशद्वाराशी संगमरवरी पाट्यांवर चढवतात. खर्चाची बाजू मात्र ‘किरकोळ’ या एका शब्दात आटोपते. जे झाकायचे ते उघडे आणि जे उघडायचे ते झाकलेले.

दुसरा आक्षेप भक्तिभावाचा आहे आणि म्हणून मला अधिक जड वाटतो. आम्ही देतो ते देवाला देतो, पंचांना नव्हे. पुढे त्यांनी काय केले ते त्यांचे त्यांच्यापाशी. या भूमिकेत खरी नम्रता आहे आणि त्या विधवेचे मन असेच असावे. परंतु ही भूमिका देणाऱ्याने घेतली तर ती भक्ती, घेणाऱ्याने शिकवली तर ती सोय. शिवाय ती दानाला मध्येच सोडून देते. पौलाच्या लेखी दान थैलीत पडले की संपत नाही. यरुशलेमेतल्या भुकेल्याच्या ताटापर्यंत ते पोचायचे असते. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात रोजच्या वाटणीत ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांची उपेक्षा होते अशी कुरकुर सुरू झाली, तेव्हा प्रेषितांनी कुरकुर करणाऱ्यांना विश्वास कमी असल्याबद्दल झापले नाही. सात माणसे निवडायला सांगितले, आणि त्या सातांची नावे सगळी ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार त्यांच्याच हाती वाटप गेले. आणि जमीन विकून किमतीतला काही भाग लपवणाऱ्या हनन्या-सप्पीरेची गोष्ट धाक घालण्यासाठी वापरणाऱ्यांनी पेत्राचा प्रश्न पुन्हा वाचावा: जमीन तुझीच होती ना, विकल्यावरही पैसा तुझ्याच हातात होता ना? दोष कमी देण्याचा नव्हता. सगळे दिले असे सांगण्याचा होता. खोटा हिशेब हा नव्या मंडळीतला पहिला नोंदलेला गुन्हा आहे.

तिसरा आक्षेप आपल्या इतिहासातून येतो. महाराष्ट्रातली पुष्कळ ख्रिस्ती माणसे दलित समाजांतून आली, बलुत्यावर आणि मजुरीवर जगणारी. त्यांच्याकडे देण्यासारखे काय होते, आणि आजही गरिबाकडे का मागावे? अमेरिकन मिशनचे सचिव रूफस अँडर्सन १८५४-५५ मध्ये हिंदुस्थानात आले तेव्हापासून मंडळीने आपल्या पाळकाचा खर्च आपण उचलावा हा आग्रह चालू आहे, आणि तो परक्या पोटभरल्या माणसाचा आग्रह म्हणून टीकेचाही विषय झाला. टीकेत तथ्य आहे. पण मला यातले दुखणे वेगळ्या ठिकाणी दिसते. पैसा मिशनच्या बॉस्टनच्या कचेरीतून येई म्हणून अहवालही बॉस्टनला जाई, इंग्रजीतून. नगर जिल्ह्यातल्या वाडीवस्तीवर ज्याने पायलीभर बाजरी अर्पण केली त्याला वहीत काय लिहिले गेले ते पाहायची वेळच आली नाही. हिशेब वरच्याला द्यायचा असतो, खालच्याला नाही, ही सवय त्या काळात पडली. मिशने गेली, मालमत्ता इथल्या संस्थांकडे आली आणि तिच्याबरोबर सवयही आली. १९१७ मध्ये ना. वा. टिळकांनी मिशनचा पगार सोडला. १९०५ च्या नाताळात सेरामपूरला राष्ट्रीय मिशनरी सोसायटी स्थापन करताना भारतीय ख्रिस्ती पुढारी अझरिया आणि त्यांच्या सोबत्यांनी भारतीय माणसे आणि भारतीय पैसा हा दंडक घातला. या पावलांचा अर्थ केवळ स्वाभिमानाचा लावला जातो. मी त्यात हिशेबाची दिशा बदलण्याची धडपडही पाहतो.

आणि गरीब देत नाहीत हे तर खरेच नाही. मिझोराममध्ये १९१० पासून ‘बुहफाई थाम’ म्हणून एक रीत चालू आहे. घरची बाई चुलीवर भात टाकण्याआधी मूठभर तांदूळ वेगळा काढून ठेवते, मंडळीच्या बायका तो घरोघरून गोळा करतात, विकतात, आणि पैसा मंडळीच्या कामाला जातो. शंभरावर वर्षांत या मुठीने सुवार्तिकांचे पगार दिले, इमारती उभ्या केल्या. ही रीत का टिकली? भक्ती हे एक उत्तर आहे. दुसरे असे की देणारी, गोळा करणारी आणि मापणारी एकाच गल्लीतली आहे. तांदूळ तिच्या डोळ्यांदेखत मापला जातो.

काहीजण म्हणतील, यासाठी कायदा आहेच. आहे. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने मंडळ्यांच्या विश्वस्त संस्थांनाही नोंदणी आणि लेखापरीक्षण लागू केले. धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीशिवाय जमीन विकता येत नाही. परदेशी देणग्यांवरचा कायदा २०२० च्या दुरुस्तीने आणखी आवळला गेला: पैसा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेत यायचा, प्रशासनावर २० टक्क्यांहून अधिक खर्च करायचा नाही, आलेली रक्कम दुसऱ्या संस्थेला द्यायची नाही. या तरतुदींत छोट्या संस्थांची गळचेपी होते असे मला वाटते, आणि ते म्हणताना हेही म्हणावे लागते की गावातल्या माणसाला वही दाखवण्याची रीत आपण आधीच घातली असती तर आपली बाजू अधिक जोरात मांडता आली असती. कायदा पावती आहे का ते पाहतो. पावती असलेला खर्च विधवेपर्यंत पोचला का, हे त्याच्या कक्षेत येत नाही. शिवाय आज खरा प्रश्न रविवारच्या थैलीचा राहिलेलाच नाही. शहरांच्या मध्यावर आलेल्या जुन्या मिशन आवारांची किंमत एवढी वाढली आहे की एका भूखंडापुढे कित्येक वर्षांचे अर्पण नगण्य ठरते. त्या जमिनींचे वाद कोर्टांत आणि आयुक्तांच्या कचेरीत वर्षानुवर्षे पडून आहेत. अशा आवारातल्या चर्चमध्ये दशांशावर उपदेश ऐकणाऱ्या तरुणाच्या मनात काय चालत असेल, याचा अंदाज पाळकांनी बांधावा.

पौलाच्या वर्गणीतली एक गोष्ट मी मागे ठेवली होती. ती रक्कम न्यायला पौलाचा सहकारी तीत याच्यासोबत आणखी एक भाऊ जात होता. दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात पौल त्याची ओळख देतो, सुवार्तेच्या कामात सर्व मंडळ्यांत नावाजलेला म्हणून, आणि त्याचे नाव मात्र लिहीत नाही. तो लूक असावा, बर्णबा असावा, असे तर्क पुष्कळ झाले. निर्णय लागलेला नाही. एवढे नोंदलेले आहे की पौलाने त्याला नेमले नव्हते, मंडळ्यांनी निवडले होते. आणि तिथे जे ग्रीक क्रियापद आहे त्याचा मूळ अर्थ, हात वर करून निवडणे.